ब्रंचची जागा आईवडिलांना मानवणारी हवी असेल तर

ब्रंचसाठी जागा निवडताना आम्ही मेन्यू सगळ्यात शेवटी उघडतो. सत्तरी ओलांडलेल्या आईला किंवा वडिलांना बाहेर नेलं आणि बेत फसला, तर त्यात पदार्थांचा दोष क्वचितच असतो. खुर्ची फार खोल होती, समोरच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, स्वच्छतागृह जिना उतरून खाली होतं, पहिला घास पोटात जायला साडेबारा वाजले, अशी कारणं असतात. यातलं एकही कारण ते आपणहून सांगत नाहीत. ‘मला काय, काहीही चालतं’ म्हणतात, तिथे गेल्यावर गप्प गप्प होतात, दोन घास कमी खातात आणि पुढच्या वेळी ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणतात. म्हणून ही माहिती विचारून काढायचा नाद सोडून द्यायचा. ती बघून आणि मोजून काढायची.

सुरुवात घरातूनच होते. आई ज्या खुर्चीतून कुणाच्या मदतीशिवाय, नुसता हातांचा आधार घेऊन उठते, त्या खुर्चीच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची मोजपट्टीने मोजायची. गादी असेल तर ती बसल्यावर दबते, तेवढं वजा करायचं. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा ४३ ते ४८ सेंटिमीटरच्या दरम्यान येतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना किंवा उंच माणसांना याहून थोडा जास्त लागतो. तो फोनमध्ये लिहून ठेवायचा. सोबत आणखी काही गोष्टी नुसत्या नजरेने टिपायच्या: न थांबता किती अंतर चालणं होतं, जिन्याचा कठडा कोणत्या हाताने धरला जातो, फोन कोणत्या कानाला लावला जातो (बहुधा चांगला कान तोच), चहाचा कप एका हाताने उचलला जातो की दोन्ही हातांनी, आणि सकाळी पहिलं खाणं किती वाजता होतं. हे सगळं त्यांना न कळता टिपलेलं बरं. चाचणी चालली आहे असं वाटलं की माणूस ताठ चालून दाखवतो.

सकाळचं पहिलं खाणं किती वाजता, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ब्रंच साधारण दहा ते दोन या वेळात असतं आणि शनिवार-रविवारी सगळ्यात जास्त गर्दी अकरा ते एकच्या दरम्यान होते. तरुण मंडळी साडेनऊला उठून थेट तिथे पोचतात. वयस्कर माणूस पाच-सहाला उठलेला असतो, आठला त्याची न्याहारी आणि गोळ्या ठरलेल्या असतात. ‘आज बाहेरच खायचंय’ म्हणून न्याहारी टाळली आणि गोळ्या मात्र सवयीने घेतल्या, तर मधुमेहात हे धोक्याचं ठरू शकतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या नेहमीच्या) घेतल्या आणि जेवण लांबलं तर रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळलेपणा ही साखर उतरल्याची लक्षणं, आणि वयस्कर माणसात कधी कधी नुसता गोंधळलेपणाच दिसतो. रांगेत उभं असताना ‘बाबा आज उगाच चिडलेत’ असं वाटलं तर आधी हे आठवावं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे तीन सपाट चमचे साखर पाण्यात किंवा सुमारे १२० मिलिलिटर फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेवणं सोपं असतं. गोळीची वेळ सरकवायची की मात्रा बदलायची हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं. आपण फक्त आठवडाभर आधी त्यांना विचारून ठेवायचं.

दुसरी गोळी लघवीची. फ्युरोसेमाइडसारखं औषध तोंडावाटे घेतल्यावर तासाभरात काम सुरू करतं, पहिल्या दोन तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि परिणाम सहा ते आठ तास टिकतो. नऊला गोळी आणि दहाला घराबाहेर, म्हणजे नेमका प्रवासात आणि टेबलावर बसल्या बसल्या त्रास. यावर पुष्कळ जण गुपचूप एक उपाय करतात: बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग रक्तदाब खाली येतो आणि उठताना चक्कर येते. स्वच्छतागृह जवळ आहे, सपाटीवर आहे आणि कुठे आहे हे आधीच सांगितलेलं असलं, की पाणी न पिण्याची ही सवय बरीच सुटते. थायरॉइडच्या गोळीचं ब्रंचशी चांगलं जमतं, कारण ती रिकाम्या पोटी आणि खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. फक्त तिच्यावर लगेच कॉफी नको.

एवढं हाताशी आलं की वेळ ठरते. आमची पसंती उघडल्या उघडल्या पहिल्या टेबलाला. दहाला उघडत असेल तर दहाच. स्वयंपाकघर ताजंतवानं असतं, रांग नसते, वेटरला थांबून ऐकायला फुरसत असते आणि गोंगाट सुरू व्हायच्या आत निम्मं खाणं उरकतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या माणसांसाठी तर हा मोठाच फायदा. त्यांची सकाळ बहुधा दिवसातली सगळ्यात बरी वेळ असते, त्यामुळे रात्रीच्या जेवणापेक्षा ब्रंच केव्हाही चांगलं. उशिराचा, दीड-दोनचा पर्याय कागदावर छान दिसतो, पण तोवर काही पदार्थ संपलेले असतात, बुफेतले पदार्थ सुकलेले असतात आणि दुपारची झोप मोडते ती वेगळीच.

आता यादी. नकाशावरच्या फोटोंमधून निम्मी छाटणी घरबसल्या होते, मात्र हॉटेलवाल्यांनी टाकलेले फोटो बाजूला ठेवून गिऱ्हाइकांनी काढलेले बघायचे. त्यात प्लेटच्या मागे खुर्ची दिसते, आणि बघायची ती खुर्चीच. हात नसलेली उंच स्टुलं, गुडघ्याच्या खाली जाणारे सोफे, जमिनीला ठोकलेली टेबलं आणि त्यांच्यामधले बाक, हे दिसलं की ती जागा यादीतून बाद. नंतर छत आणि भिंती बघायच्या. उघडं काँक्रीट, काच, फरशी आणि उंच छत एकत्र आलं तर आवाज शोषून घेणारं काहीच उरत नाही. पडदे, गालिचा, कापडी बैठकी, छताला लावलेले ध्वनिशोषक पॅनेल यांतलं काहीतरी दिसायला हवं. अभिप्रायांमध्ये ‘वातावरण जबरदस्त’ हे वाक्य वारंवार आलं तर आम्ही थोडे सावध होतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा स्पीकर मोठा आहे असा निघतो. ‘आवाज’, ‘रांग’, ‘पायऱ्या’, ‘वाट पाहावी लागली’ हे शब्द टाकून अभिप्राय शोधावेत आणि नवे आधी वाचावेत, कारण जागेची रचना आणि संगीत बदलत असतं.

नकाशावर ‘व्हीलचेअरसाठी सोयीचं’ असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा फक्त प्रवेशाबद्दल असतं. स्वच्छतागृहाची नोंद वेगळी असते आणि ती असेलच असं नाही. शिवाय प्रवेशाला एकच पायरी असेल तर ‘एकच तर आहे’ म्हणून ती कुणी धरतही नाही. एकटी पायरीच जास्त फसवते, कारण ती अपेक्षित नसते आणि तिला कठडाही नसतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर भिंगाचा खालचा भाग जवळचं वाचायला असतो. पायाकडे बघताना नजर नेमकी त्यातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. म्हणून उतरताना हनुवटी छातीकडे झुकवून भिंगाच्या वरच्या भागातून बघायला सांगावं. उतार असेल तर त्याचा चढ बघावा. सुगम्य रचनेत साधारण १:१२ हे प्रमाण धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला किमान १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. पायरीवर टाकलेली हातभर लांबीची फळी म्हणजे उतार नव्हे. व्हीलचेअर असेल तर दाराची मोकळी रुंदी निदान ८१-८२ सेंटिमीटर, टेबलांमधली वाट ९० सेंटिमीटर आणि वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते.

यादीत तीन-चार नावं उरली की फोन. शनिवारी सकाळी फोन केला तर पलीकडचा माणूस सगळ्यालाच ‘हो हो’ म्हणतो. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान केला तर तो खरंच उठून बघून सांगतो. प्रश्न मोघम नकोत. ‘तुमच्याकडे शांत असतं ना?’ याचं उत्तर कुठलंही हॉटेल ‘हो’ असंच देणार. त्याऐवजी विचारावं: स्पीकर कुठल्या टेबलांच्या वर आहेत? रविवारी कुणी वाजवायला-गायला असतं का आणि किती वाजता सुरू होतं? कॉफीचं मशीन आणि मिक्सर काउंटरवर आहे की आत? हात असलेल्या खुर्च्या किती आहेत? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, आणि वाटेत पायरी आहे का? टेबल किती वेळासाठी देता? हा शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. गर्दीच्या दिवशी कित्येक ठिकाणी दीड तासाने टेबल रिकामं करून मागतात, आणि सावकाश चावणाऱ्या माणसाला तेवढा वेळ अपुरा पडतो. सगळी मंडळी आल्याशिवाय बसवणार नाही असाही नियम काही ठिकाणी असतो. तसा असेल तर वयस्कर माणसाला निदान आधी बसू द्याल का, हे फोनवरच ठरवून घ्यावं. दारात उभं राहून वाद घालणं आईला अजिबात आवडत नाही.

शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन यावं, पण त्याच वारी आणि त्याच वेळी. मंगळवारी संध्याकाळी जाऊन आलेल्या माणसाला रविवारी अकराचं काहीच कळलेलं नसतं. एक कॉफी मागवायची आणि अर्धा तास बसायचं. खिशात मोजपट्टी, फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप.

आधी खुर्ची. घरी मोजलेल्या आकड्याशी उंची ताडून बघावी. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालतो, पाच-सहा सेंटिमीटर खाली असेल तर उठताना दोन माणसं लागतील. बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा खाली गेली की उठायला मांड्यांवर फार जोर पडतो, म्हणून मऊ सोफा कितीही आरामशीर वाटला तरी नको. बैठकीची खोली ४० ते ४५ सेंटिमीटर असावी. जास्त असेल तर पाठ टेकत नाही किंवा पाय अधांतरी राहतात. हात पाहिजेतच, आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, कारण उठताना जोर पुढे लागतो. अर्ध्यावर संपणारे हात नुसते दिसायला असतात. खुर्ची हलकी आणि फरशी गुळगुळीत असेल तर उठताना खुर्ची मागे सरकते. ती भिंतीला टेकवून ठेवता येईल का, ते बघावं. टेबलाचा मधला खांब आणि त्याचे पसरलेले पाय वॉकर जवळ आणू देत नाहीत, तेही तिथेच कळतं. खुर्चीला हात असतील आणि ते टेबलाखाली जात नसतील, तर माणूस ताटापासून लांब बसतो आणि घास मांडीवर सांडतो. टेबल साधारण ७२ ते ७६ सेंटिमीटर उंच असतं. खुर्चीच्या हाताची उंची तिथेच मोजून टाकायची.

मग आवाज, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण जागा निवडताना सगळ्यात जास्त चुका याच बाबतीत होतात. वयाबरोबर कान जातो तो आधी उंच पट्टीतल्या आवाजांना. स, श, फ, थ ही व्यंजनं त्याच पट्टीत आहेत. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार अगदी खरी असते. त्यावर आपण मोठ्याने बोललो तर स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. शिवाय गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढण्याची मेंदूची क्षमताही कमी होते, ती घरातल्या शांततेत लक्षातच येत नाही. घरी नीट बोलणारे बाबा हॉटेलात गप्प का बसतात, याचं उत्तर बहुधा इथे असतं.

साधं बोलणं हाताच्या अंतरावरून साधारण ६० डेसिबल भरतं. खोलीतला गोंगाट ७० च्या वर गेला की तरुणांनाही आवाज चढवावा लागतो, ८० ला ओरडावं लागतं. वयस्कर माणसासाठी ६५ च्या आत असेल तर बरं, ७० ला आम्ही फुली मारतो. फोनवरचं ॲप प्रयोगशाळेइतकं अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. मोजताना फोन टेबलावर कानाच्या उंचीला धरावा, मिनिटभराची सरासरी घ्यावी, आणि कॉफीचं मशीन सुरू असताना एकदा वेगळं मोजावं. गर्दी वाढते तसा गोंगाट नुसत्या माणसांच्या हिशेबाने वाढत नाही. आजूबाजूला आवाज वाढला की प्रत्येक जण नकळत आपला आवाज चढवतो आणि पुन्हा सगळ्यांना चढवावा लागतो. याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी तो १९११ मध्ये नोंदवला. दहा वाजता ६२ डेसिबल असलेली खोली साडेअकराला ७५ ला का जाते, त्यामागे हाच परिणाम असतो. उघडल्या उघडल्या जायचा आग्रह त्यासाठीच.

टेबल निवडताना अंतर हाच सगळ्यात स्वस्त उपाय. बोलणाऱ्याचं तोंड आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी जास्त पोचतो. म्हणून सहा जणांच्या लांब टेबलाच्या टोकाला, ‘मानाच्या’ जागी आईला बसवणं ही मोठी चूक. मान मिळतो, संभाषण मिळत नाही. चार जणांचं छोटं टेबल उत्तम, जास्त माणसं असतील तर गोल टेबल, आणि आईची जागा मध्ये. जास्त बोलणारा नातू चांगल्या कानाच्या बाजूला. श्रवणयंत्र असेल तर ते बहुधा समोरचा आवाज उचलायचा आणि मागचा दाबायचा प्रयत्न करतं, म्हणून गोंगाटाकडे पाठ आणि माणसांकडे तोंड अशी बसण्याची दिशा. यंत्रात गोंगाटासाठी वेगळा कार्यक्रम भरलेला असतो, तो घरून निघण्याआधीच चालू करून बघावा. टेबलावर बारीक बटण चाचपत बसणं कुणालाच नको वाटतं.

ओठांवरून शब्द ओळखायचा तर बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. आईची पाठ खिडकीकडे आणि आपलं तोंड खिडकीकडे, म्हणजे दोन कामं होतात: आपले ओठ दिसतात आणि तिच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही. मोतीबिंदू पिकत आलेला असेल तर ही तिरीप फार त्रास देते. घरचे लोक मात्र ‘खिडकीकडे बघायला छान वाटेल’ म्हणून नेमकं उलटं बसवतात. एकूण उजेडही भरपूर हवा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आपल्याला ‘मंद, सुंदर’ वाटणारी खोली त्यांना चक्क अंधारी असते. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर त्यांचे डोळे सरावायलाही जास्त वेळ घेतात, म्हणून दारातून आत गेल्यावर मिनिटभर थांबून मगच चालायला लागावं. वातानुकूलन यंत्राचा झोत, स्वयंपाकघराचं झुलतं दार, बार, प्रवेशाजवळची रांग, स्पीकरखालची जागा, या पाचांपासून लांबचं आणि स्वच्छतागृहाकडे सरळ वाट असलेलं टेबल मिळालं की त्याचा क्रमांक लिहून घ्यायचा.

स्वच्छतागृहात स्वतः जाऊन यावं. टेबलापासून किती पावलं, वाट ओली असते का, दार ढकलायला किती जड, आतली कडी बोटांच्या चिमटीत येते का, दिवा हालचालीवर चालणारा असेल तर किती वेळाने विझतो (बसल्या बसल्या अंधार झाला तर घाबरायला होतं), भांड्याची उंची किती, धरायला दांडा आहे का. सुगम्य स्वच्छतागृहात बैठक साधारण ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच आणि दांडा ८४ ते ९१ सेंटिमीटरवर असतो. दांडा नसेल तर माणूस टॉवेल अडकवायची कडी किंवा वॉशबेसिन धरतो, आणि ते वजन पेलण्यासाठी बसवलेलं नसतं. जिना उतरून खाली स्वच्छतागृह असलेली जागा आम्ही चवीसाठीसुद्धा घेत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं.

एवढं सगळं जमलं की मेन्यू. तो आदल्या दिवशी मोठ्या अक्षरांत छापून किंवा वाचून दाखवावा. टेबलावरचा चौकोनी कोड स्कॅन करून फोनवर फिकट राखाडी अक्षरं वाचणं त्यांना नकोसं होतं. ‘काय घेणार?’ याऐवजी ‘हे घेशील की ते?’ असे दोनच पर्याय ठेवावेत. स्मृतिभ्रंश असेल तर हा नियमच समजावा.

बुफे आम्ही टाळतो. रांगेत उभं राहणं, एका हातात ताट आणि दुसऱ्यात डाव, पुन्हा पुन्हा उठणं, यात कापरा हात किंवा काठी असलेला माणूस पहिल्या फेरीतच थांबतो. आपण वाढून आणलं तर त्यांना आवडीचं दिसत नाही, आपल्या आवडीचं येतं. बुफे घ्यायचाच झाला तर आधी एक फेरी त्यांच्यासोबत रिकाम्या हाताने मारावी, काय हवं ते ऐकावं आणि मग आपण आणावं. गरम पदार्थ वाफाळते, म्हणजे ६० अंशांच्या वर, आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली असायला हवेत. कोमट पडलेल्या भांड्याला हात लावू नये.

ब्रंचच्या मेन्यूवर अंड्यांचा भरणा असतो. पिवळा बलक वाहणारी अंडी, कच्च्या बलकाचा हॉलंडेज सॉस, घरी फेटलेलं मेयोनीज यांत साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो आणि पासष्टीनंतर तो संसर्ग जास्त जोरात होतो. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवून मागावं. धूर दिलेला थंड मासा आणि न तापवलेल्या दुधाचं मऊ चीज यांत लिस्टेरिया या जिवाणूची भीती. ग्रेपफ्रूटचा रस ब्रंचला हमखास असतो आणि तो कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाचं फेलोडिपिन अशा औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो. ‘थोडा दुपारी घेऊ’ ही पळवाट चालत नाही, परिणाम दिवसभरापेक्षा जास्त टिकू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर संत्र्याच्या रसातलं पोटॅशियम बघावं लागतं. वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या टाळायच्या नसतात, त्यांचं प्रमाण रोजच्यासारखंच ठेवायचं असतं. एरवी न खाणाऱ्याने त्या दिवशी पालकाचं मोठं सॅलड मागवू नये. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा असेल तर भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत त्याचा असर कमी होऊ शकतो, म्हणून गोळी साधारण अर्धा तास आधी घेतात.

कवळी असेल तर कडक सालीचा भाजलेला ब्रेड, बिया आणि चिकट मुरंबा नको. कित्येक औषधांनी तोंड कोरडं पडतं, त्यांना कोरडा टोस्ट घशात अडकतो. सॉस किंवा रस्सा वेगळ्या वाटीत मागवला की काम होतं. गिळायला त्रास असणाऱ्यांना द्रव आणि तुकडे एकत्र असलेले पदार्थ, दुधात भिजवलेलं धान्य किंवा तुकड्यांचं सूप, हे नुसत्या मऊ पदार्थापेक्षा अवघड जातात. तिथे डॉक्टरांनी सांगितलेलाच पोत घ्यावा. आणि अर्धी प्लेट मिळते का, हे विचारायला लाजू नये. भरलेलं मोठं ताट बघूनच काहींची भूक मरते.

बिलाची सोय आधीच करावी. पोचल्यावर कार्ड काउंटरवर देऊन ठेवलं की टेबलावर ‘मी देतो, मी देतो’ होत नाही आणि वडिलांना आकडाही दिसत नाही. आकडा दिसला की पुढच्या वेळचा नकार ठरलेला.

उठण्याची घाई नको. खाल्ल्यावर रक्त पोटाकडे वळतं आणि वयस्कर शरीराला रक्तदाब सावरायला वेळ लागतो. जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक अंकांनी खाली येणं हे उच्च रक्तदाब, मधुमेह आणि पार्किन्सन असलेल्यांत बऱ्याचदा दिसतं. पॅनकेक, ब्रेड, गोड रस असं पिठूळ आणि भरपेट खाणं त्यात भर घालतं, मद्य आणखी. म्हणून खाण्याआधी पेलाभर पाणी (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर), खाणं थोडं, शेवटच्या घासानंतर निदान अर्धा तास बसून गप्पा, आणि उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरकून मिनिटभर थांबायचं. मग स्वच्छतागृह, मग दार. गाडी आणायला एकाने आधीच जावं आणि बाकीच्यांनी आत बसूनच वाट पाहावी. पार्किंगपर्यंतची उन्हातली चाल सगळ्यात वाईट वेळेला येते.

निघताना वेटरला विचारून टेबलाचा क्रमांक पक्का करून घ्यावा आणि फोनमधल्या खुर्चीच्या आकड्याखाली लिहून ठेवावा. पुढच्या वेळी आरक्षण करताना ‘खिडकीजवळचं’ म्हणण्यापेक्षा तो क्रमांक सांगावा, आणि सोबत ‘हात असलेली एक खुर्ची आधीच लावून ठेवा’ एवढं म्हणावं. आपण पोचल्यावर खुर्ची शोधायची धावपळ आईच्या देखत होत नाही.